सायकलचा पाना आणि सहकाराचा धडा



इतिहास म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे तख्त, तलवारी आणि तह उभे राहतात. परीक्षेत तेच विचारले जाते, तेव्हा यात तुमचा दोष नाही. परंतु ज्या वस्तू रोज आपल्या हाताखालून जातात त्यांनाही इतिहास असतो, आणि कित्येकदा तो इतिहास आपल्या संसाराच्या अधिक जवळचा असतो. या लेखात एका पान्याचा इतिहास सांगावयाचा आहे. सायकलचा नट फिरवणारा साधा लोखंडी पाना. हा पाना एकट्या कारागिराच्या हातात राहावा की ज्याला गरज आहे त्या प्रत्येकाच्या हातात जावा, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. या प्रश्नाभोवती अमेरिकेत, युरोपात आणि इतरत्र लोकांनी सहकारी दुरुस्ती-केंद्रे उभी केली, स्वयंसेवकांना मेकॅनिकची तालीम दिली, चुका केल्या आणि त्या चुकांतून ते शिकले. त्यांची हकीकत आपल्या उपयोगाची आहे.

सायकल आणि तिचा कारागीर

दोन चाकांची गाडी प्रथम १८१७ साली जर्मनीतील मानहाइम शहरात कार्ल ड्राइस याने चालवून दाखवली. तिला पेडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटावयाची. पेडल आले ते पॅरिसमध्ये १८६० नंतरच्या वर्षांत. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली ‘रोव्हर’ सायकल बनवली. आज तुमच्या दारात उभी असलेली सायकल तिचीच नात-पणती होय. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने हवेच्या टायरचे पेटंट घेतले.

हवेचा टायर आला आणि त्याच्याबरोबर पंक्चरही आले! पहिले टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढावयाचे म्हणजे टायर सोलून काढणे, जोड लावणे, पुन्हा चिकटवणे आणि तो वाळेपर्यंत रात्रभर थांबणे. फ्रान्समधील क्लेर्मों-फेराँ येथील मिशेलिन बंधूंच्या कारखान्यात १८८९ साली असाच एक पंक्चर झालेला प्रवासी आला आणि त्याच्या टायरच्या दुरुस्तीतूनच बंधूंना नवी कल्पना सुचली, असे सांगतात. १८९१ मध्ये त्यांनी रिमवरून काढता-घालता येणारा टायर बनवला. त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ याने याच टायरवर जिंकली. या घटनेतील मर्म लक्षात घ्या. दुरुस्ती सोपी झाली, म्हणून ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. वस्तू कशी बनवली आहे यावर तिचा धनी कोण हे पुष्कळसे ठरते. जी वस्तू आपल्याला उघडता येत नाही, ती पैसे मोजूनही पूर्णपणे आपली होत नाही.

सायकलच्या दुकानाने माणसे कशी घडवली याचे एक उदाहरण तर सर्वांना ठाऊक असावे. अमेरिकेतील डेटन गावच्या विल्बर आणि ऑर्व्हिल राइट या भावांजवळ कॉलेजची पदवी नव्हती. १८९२ साली त्यांनी सायकल विक्री-दुरुस्तीचे दुकान काढले आणि १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली बनवू लागले. १९०३ च्या डिसेंबरात त्यांचे विमान उडाले. त्याचे इंजिन त्यांच्या दुकानातील मेकॅनिक चार्ल्स टेलर याने सुमारे सहा आठवड्यांत तयार केले होते आणि विमानाचे पंखे सायकलप्रमाणे चेननेच फिरत होते. हात काळे करणाऱ्या मुलाला कमी लेखण्यापूर्वी आपण या दुकानाची आठवण ठेवावी.

स्त्रियांचाही या इतिहासात वाटा आहे. १८९६ साली न्यूयॉर्कजवळच्या स्टेटन आयलंड येथील मारिया वॉर्ड या बाईंनी स्त्रियांसाठी सायकलवर एक पुस्तक लिहिले. त्यात चालवण्याबरोबरच हत्यारे आणि दुरुस्ती यांचीही माहिती दिली होती. ज्या काळी पुष्कळ घरांत स्त्रीने सायकलवर बसणेच आक्षेपार्ह मानले जात होते, त्या काळी या बाईंनी तिच्या हाती पानाही दिला.

फुकट सायकलींचे काय झाले?

आता सहकाराकडे वळू. महाराष्ट्राला हा शब्द शिकवावा लागत नाही. इंग्लंडमध्ये १८४४ साली रॉचडेल गावच्या २८ विणकर-कारागिरांनी पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या विकणारे सामायिक दुकान काढले. आपल्या देशात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी साखर कारखाना उभा राहिला. परंतु रॉचडेलच्या मंडळींची एक गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. त्यांनी नफ्याचा एक भाग सभासदांच्या शिक्षणासाठी बाजूला काढला, ग्रंथालय आणि वाचनालय चालवले. सभासद अडाणी राहिला तर संस्था चार हुशार माणसांच्या खिशात जाते, हे त्यांनी ओळखले होते.

सायकलीच्या बाबतीत हाच धडा लोकांना ठेच लागून शिकावा लागला. १९६५ साली ॲम्स्टरडॅममध्ये ‘प्रोव्हो’ नावाच्या तरुणांच्या गटाने काही सायकली पांढऱ्या रंगवल्या आणि कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्याने न्यावी, काम झाले की दुसऱ्यासाठी सोडावी. बिनकुलपाची सायकल रस्त्यावर ठेवणे नियमाविरुद्ध होते, म्हणून पोलिसांनी त्या उचलून नेल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतील पोर्टलंड शहरात पिवळ्या सायकलींचा असाच प्रयोग झाला. त्या सायकली चोरीस गेल्या, मोडल्या आणि हळूहळू दिसेनाशा झाल्या. १९९७ साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरातही पिवळ्या सायकली रस्त्यावर सोडण्यात आल्या. परंतु तेथील मंडळींनी लवकरच आपला भर बदलला. त्यांनी लोकांसाठी सामायिक दुरुस्ती-केंद्र चालवले. तेथे हत्यारे सर्वांसाठी मोकळी, शिकवणारे स्वयंसेवक, आणि ज्याला सायकल पाहिजे त्याने ती स्वतः दुरुस्त करून मिळवावी अशी रीत होती.

वाचकहो, पिवळी सायकल मोडली तेव्हा ती दुरुस्त करणे हे कोणाचेच काम नव्हते, कारण ती कोणाचीच नव्हती आणि ती कशी दुरुस्त करावी हे फार थोड्यांना ठाऊक होते. केवळ वस्तू वाटली तर ती झिजून संपते. हुन्नर वाटला तर वाटणाऱ्याचे काही कमी होत नाही, घेणाऱ्याचे मात्र वाढते.

युद्धाच्या छायेत पाना

या चळवळीतील एक प्रकरण विशेष उल्लेखनीय आहे. १९८४ साली कार्ल कुर्झ हा सायकल मेकॅनिक आणि मायकेल रेप्लोगल हा वाहतूक-तज्ज्ञ या दोघा अमेरिकनांनी एक संघटना स्थापन केली. तिच्या नावाचा अर्थच ‘सायकली द्या, बॉम्ब नकोत’ असा आहे. त्या वेळी मध्य अमेरिकेतील निकाराग्वा या लहान देशात अमेरिकेच्या पाठबळाने बंडखोरांचे युद्ध चालू होते. १९८५ च्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने त्या देशाशी व्यापारही बंद केला. सरकार जे पाठवीत होते त्याच्या उलट काही आपण पाठवावे, असे या मंडळींनी ठरवले. लोकांच्या घरी पडून असलेल्या जुन्या सायकली गोळा करून त्यांनी निकाराग्वातील शिक्षक आणि आरोग्य-सेवकांसाठी पाठवल्या.

सायकलींबरोबर सुटे भाग, हत्यारे आणि शिकवणारे मेकॅनिकही गेले पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते. नाही तर दूरच्या खेड्यातील शिक्षकाची सायकल पहिल्या मोठ्या बिघाडाला कोपऱ्यात जाऊन पडणार! पुढे १९९० च्या सुमारास याच संघटनेने बोस्टन शहरातील मुलांसाठी वर्ग सुरू केले. मुलाने काही आठवडे यावे, टाकून दिलेली सायकल पूर्ण उघडावी, साफ करावी, जोडावी आणि शेवटी ती स्वतःची म्हणून घरी न्यावी. यांतील काही मुले पुढे धाकट्यांना शिकवू लागली. कमावलेल्या सायकलीला मुले कशी जपतात, हे पालकांना सांगावयास नको.

२००२ साली लॉस एंजेलिसमधील एका वसाहतीत काही मित्रांनी एका खोलीच्या स्वयंपाकघरात दुरुस्तीचे काम सुरू केले. म्हणून संस्थेचे नावही ‘सायकलचे स्वयंपाकघर’ असेच पडले आणि शिकवणाऱ्या स्वयंसेवकांना तेथे ‘आचारी’ म्हणतात. २००४ मध्ये अशा निरनिराळ्या शहरांतील मंडळींची एकत्र सभा न्यू ऑर्लिन्स येथे भरली. फ्रान्समध्ये ग्रनोबल शहरात १९९४ मध्येच असे केंद्र सुरू झाले होते, आणि २०१० साली तेथील केंद्रांनी मिळून आपला संघ स्थापन केला.

मेकॅनिक कसा घडतो?

या केंद्रांत स्वयंसेवक कसे तयार करतात, हे विद्यार्थ्यांनी नीट वाचावे. नवा स्वयंसेवक प्रथम भंगारात जाणारी सायकल उघडतो. ती बिघडण्याची भीती नसते, म्हणून हात मोकळा चालतो. कोणता भाग कशात बसतो, कोणता नट कोणत्या पान्याने निघतो, हे येथे कळते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हेही येथेच कळते. उजव्या पेडलप्रमाणे फिरवत बसला तर ते निघण्याऐवजी अधिकच आवळत जाते. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट विसरते. एकदा घाम गाळून कळलेली विसरत नाही.

पुढची पायरी पंक्चरची. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे, भोकाभोवतालचा भाग काचकागदाने घासणे, सोल्यूशन लावून ते थोडे सुकू देणे आणि मग तुकडा दाबून बसवणे. घाई केली तर तुकडा सुटतो. परंतु खरे शिकलेला मुलगा ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हात फिरवतो, कारण काटा तेथेच राहिला असेल तर पहिल्या वळणावर पुन्हा पंक्चर! दोष झाकणे आणि दोषाचे कारण काढणे यांतील फरक याहून सोप्या रीतीने कोणती शाळा शिकवील?

त्यानंतर ब्रेक, चेन आणि मग बेअरिंग. चाकाच्या मध्यभागी कप आणि कोन यांच्यामध्ये छर्रे असतात. कोन फार आवळला तर चाक जड फिरते आणि छर्रे झिजतात. सैल ठेवला तर चाक डुलते. योग्य ताण बोटांना कळावा लागतो. शेवटी येते ते चाकाचा आऊट काढण्याचे काम. रिम डावीकडे झुकली असेल तर त्या जागी उजव्या बाजूच्या तारा किंचित ताणावयाच्या, डावीकडच्या किंचित सैल करावयाच्या. एका वेळी निपलचा पाव फेराच, त्याहून अधिक नाही. येथे धीर सुटला की चाक अंड्यासारखे होते.

परंतु सर्वांत कठीण तालीम वेगळीच आहे. जो हुशार मेकॅनिक झाला, त्याला आपले हात पाठीमागे ठेवावयास शिकावे लागते. समोर एखादी मुलगी पाना उलटा धरून खटपट करीत आहे, आपण एका मिनिटात करून देऊ शकतो, आणि तरीही गप्प उभे राहून विचारावयाचे, “आवाज कुठून येतो असे तुला वाटते?” अशा अनेक केंद्रांचा हा मूळ नियमच आहे की, स्वयंसेवकाने सायकल दुरुस्त करून द्यावयाची नाही, माणसाला ती दुरुस्त करावयास शिकवावयाचे. एक बंधन मात्र सर्वांना लागू असते. ब्रेक तपासल्याशिवाय सायकल दाराबाहेर जाऊ द्यावयाची नाही. पुष्कळ केंद्रांत आठवड्यातून काही तास फक्त स्त्रियांसाठी राखलेले असतात, कारण पुरुषांच्या गर्दीत पाना पुढे होऊन मागण्यास त्या संकोचतात, असा अनुभव आला.

आपल्या घरची गोष्ट

आता आपल्या देशाकडे पाहू. स्वातंत्र्यानंतर सायकलचे मोठे कारखाने आपल्याकडे निघाले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो. पुणे तर सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. गावोगावी तासाच्या भाड्याने सायकल मिणारी दुकाने असत आणि त्यांतील उस्तादांच्या हाताखाली पिढ्यान् पिढ्या पोरे तयार झाली. पोऱ्याने आधी हवा भरावयाची, मग रॉकेलमध्ये छर्रे धुवावयाचे, मग पंक्चर, आणि काही वर्षांनी कधी तरी उस्ताद आऊट काढावयास देई. आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल याच पान्यावर पेटली आहे. त्या हातांची कदर आपण पुरेशी केली नाही, हे मान्य केले पाहिजे. पुढे मोटारसायकली आल्या, भाड्याच्या सायकली गेल्या. ॲटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, थांबला.

तरीही सायकलीचे काम संपलेले नाही, विशेषतः मुलींच्या बाबतीत. १९९१ साली तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांच्या काळात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर स्त्रियांना सायकल शिकवण्यात आली. शिकलेल्या बायांनी पुढच्या बायांना शिकवले. लेडीज सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेथे जाऊन लिहिले, तेव्हा सायकल शिकलेल्या ग्रामीण स्त्रियांची संख्या एक लाखावर गेल्याचा अंदाज त्यांनी दिला. त्यांत जुन्या वळणाच्या मुस्लिम घरांतील तरुणीही होत्या.

२००६ साली बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकलीसाठी रक्कम देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून दाखवले की, त्यामुळे माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुले-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील विद्यार्थिनींना सायकली देण्यात आल्या. पिवळ्या सायकली बुडाल्या आणि या सायकली उपयोगी पडल्या, याचे कारण उघड आहे. ही सायकल एका मुलीची होती आणि तिच्या घराची होती.

परंतु येथेच खरा प्रश्न उभा राहतो. शाळा पाच किलोमीटरवर आहे. वाटेत चेन उतरली, काटा घुसला. गावात दुकान नाही. मुलगी सायकल हाताने ढकलीत घरी येते. दुसऱ्या दिवशी वडिलांना कामातून सवड नाही, तिसऱ्या दिवशी रविवार. चौथ्या दिवशी आजी म्हणते, “कशाला ही दगदग? राहू दे घरी.” मुलींची शाळा नेहमी कोणी ठरवून बंद करते असे नाही, कधी कधी ती एका पंक्चरने बंद होते. तिच्या दप्तरात दोन टायर-लिव्हर, एक तुकडा आणि सोल्यूशनची ट्यूब असती, आणि ते वापरण्याची तालीम तिच्या हाताला असती, तर?

एक आक्षेप आणि एक विनंती

कोणी विचारील की, सर्वांनाच दुरुस्ती आली तर उस्तादच्या पोटाचे काय? हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. परंतु विचार करा. जेथे लोक सायकल वापरतात तेथेच उस्ताद जगतो. किरकोळ बिघाडाला कंटाळून लोकांनी सायकल टाकून दिली तर ओव्हरहॉलिंगचे आणि आऊटचे कामही त्याच्याकडे येत नाही. शिवाय शिकवावयाचे कोणी? ज्याने तीस वर्षे पाना चालवला त्यानेच. त्याला मानाने बोलवावे, शिक्षकाची खुर्ची द्यावी आणि शिक्षकाचे मानधनही द्यावे. ज्या मुलांनी त्याला आजवर ‘पंक्चरवाला’ म्हटले, ती त्याला ‘उस्ताद’ म्हणून सलाम करतील. हाही शिक्षणाचाच भाग होय.

यासाठी मोठी इमारत लागत नाही. शाळेच्या आवारातील एक पडवी, सायकल टांगण्यासाठी एक मजबूत स्टँड, पान्यांचा एक संच, पंप, पाण्याची घमेली, आणि समाजातील घरांच्या माळ्यावर गंजत पडलेल्या आठ-दहा जुन्या सायकली. रविवारी सकाळचे तीन तास. आठवी-नववीची बारा मुले, त्यांत निम्म्या मुली. हत्यारांची नोंद एका वहीत, आणि ती वही ठेवण्याचे काम पाळीपाळीने मुलांकडेच. पहिल्या वर्षी जी शिकतील त्यांनी दुसऱ्या वर्षी शिकवावे, ही एकच अट. हिशेब, जबाबदारी, एकमेकांवर विश्वास आणि सामायिक वस्तूची काळजी, म्हणजे ज्याला आपण सहकार म्हणतो ते सारे, मुले या वहीतून शिकतील.

पालकहो, आपण आपल्या मुलांनी डॉक्टर, इंजिनिअर व्हावे अशी इच्छा धरतो. ती अवश्य धरावी. परंतु ज्या मुलाने कधी एक नट उघडून पाहिला नाही, त्याला यंत्राची भीती वाटणार. आणि जो आपल्या हाताने काही जोडू शकतो, तो परिस्थितीने मोडला तरी पुन्हा उभा राहण्याची हिंमत धरतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी तर अगदी सोपा गृहपाठ आहे. या सुट्टीत घरातल्या सायकलचे मागचे चाक स्वतः काढा आणि स्वतः बसवा. जमले नाही तर जवळच्या उस्तादांकडे जा आणि अदबीने विचारा. ते नाही म्हणणार नाहीत. आणि एकदा जमले की धाकट्या बहिणीला बोलवा, पाना तिच्या हातात द्या आणि तुमचे हात पाठीमागे घ्या.